हवेची रायफल आणि पॉइंट टू-टू



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "माझी पोर कॉलेजात एनसीसीत गेली. तिथं बंदूक चालवायला शिकवतात म्हणे. पोरीच्या जातीला कशाला हवं ते?" त्यावर बोलायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आपल्या खानदेशात बंदूक म्हटलं की साहेबाची शिकार आठवते. १८२५ साली धरणगावला जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभी केली. त्याला वाघाच्या शिकारीचा भारी नाद. रान ओळखणारे आणि माग काढणारे भिल्ल, नाव मात्र साहेबाचं! पुढे १८७८ च्या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी झाली, गोऱ्यांना मोकळीक राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीलाच लगाम बसला. आज मुली रायफल उचलतात ती कागदावरच्या निशाणासाठी.

खेळातल्या रायफली मुख्यतः दोन. पहिली एअर रायफल. हिच्यात दारू नसते. नळीखालच्या टाकीत दाबून भरलेली हवा साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. छर्रा तुरीच्या दाण्याएवढा. निशाण १० मीटरवर, बंद हॉलमध्ये. मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, सुईच्या टोचणीएवढा. नियमानं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, म्हणजे तीन महिन्यांचं लेकरू खांद्याशी धरून उभं राहायचं आणि श्वाससुद्धा हलू द्यायचा नाही. खेळातल्या या रायफलीला परवाना लागत नाही.

दुसरी पॉइंट टू-टू. हिच्यात दारूची खरी गोळी, म्हणून परवाना लागतो आणि रेंजही मोठी हवी. निशाण ५० मीटरवर, मधलं वर्तुळ टिकलीएवढं. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून, अशा तीन पद्धतींनी मारायचं. शिवाय रेंज उघड्यावर, म्हणून वारा आडवा येतो. रेंजवर छोटी निशाणं लावलेली असतात, ती बघून अंदाज घ्यायचा. खळ्यावर उफणायला सूप वर धरण्याआधी आपण वाऱ्याचं अंग बघतोच की! मला तर वाटतं, ही रायफल बायांना जास्त उमगावी.

ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी या दोन्ही रायफलींच्या वेगळ्या स्पर्धा १९८४ साली आल्या. त्याआधी पुरुषांबरोबरच उतरावं लागे. १९७६ साली माँट्रियलला अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉकचे गुण सोबतच्या लॅनी बॅशमइतकेच झाले. बरोबरी सोडवण्याच्या नियमानं सुवर्ण त्याला मिळालं. राष्ट्रगीताच्या वेळी मात्र त्यानं तिचा हात धरून तिला आपल्या पायरीवर घेतलं.

आपल्या मराठी मुलींचं दार आधी उघडलं ते एअर रायफलीनं. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतूनच या खेळात आल्या आणि २००० साली सिडनीत अंतिम फेरीत पोचल्या. नेमबाजीत तिथवर जाणारी पहिली भारतीय बाई. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण घेतले. चाळीस छर्रे, एकही चुकला नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांची सुवर्णं दोन्ही रायफलींवर आहेत. २००६ मध्ये मेलबर्नला राष्ट्रकुल स्पर्धेत एअर रायफलवर, आणि २०१० मध्ये म्युनिकला पोटावर झोपून पॉइंट टू-टूनं ६०० पैकी ५९७. त्या दिवशी नेमबाजीत जगज्जेती होणारी पहिली भारतीय बाई कोल्हापूरची होती. पुढे २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं याच जातीच्या रायफलीवर पॅरिसला कांस्य मिळवलं. त्याला शिकवणाऱ्या दीपाली देशपांडे, स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या.

तर ताई, तुमच्या पोरीच्या हाती एनसीसीत येईल ती बहुधा पॉइंट टू-टूच. रेंजवरून परतली की तिला एवढंच विचारा, "वारा कोणत्या अंगाचा होता गं?"