झोप न आणणाऱ्या गोळीची गोष्ट

१. सर्दीची गोळी घेतली की डोळे मिटू लागतात, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. ही गुंगी टाळणारे औषध शोधण्यात माणसाला यश आले, तेव्हा त्याच औषधात एक जीवघेणा धोका दडलेला होता. आजचा धागा त्या औषधाविषयी : टर्फेनाडिन.

२. प्रारंभ जुना आहे. १८१९ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी दर उन्हाळ्यात स्वतःला होणाऱ्या शिंका आणि डोळ्यांची आग यांचे वर्णन नोंदवले. या त्रासाचे मूळ परागकणांत आहे, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून १८७३ मध्ये मांडले.

३. पराग नाकात शिरताच शरीरातील काही पेशी हिस्टामाइन सोडतात. शिंका, खाज, नाक गळणे ही मुख्यतः त्याची करणी. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोवे आणि आन-मारी स्टाउब यांनी हिस्टामाइनला रोखणारे पहिले रसायन दाखवले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, परंतु वाट सापडली. बोवे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

४. पुढील दशकात सिनसिनाटीच्या जॉर्ज रिव्हशल यांनी घडवलेले डायफेनहायड्रामिन बाजारात आले. नाक थांबले, पण डोळे जड झाले. कारण मेंदूला जागे ठेवण्याचे कामही हिस्टामाइनच करते, आणि ही औषधे मेंदूत सहज शिरत. वाहनचालकाला किंवा परीक्षार्थीला असा उतारा परवडणारा नव्हता.

५. १९७३ मध्ये रिचर्डसन-मेरेल या अमेरिकन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी टर्फेनाडिन बनवले. ते नाकावर काम करी, मेंदूत मात्र फारसे शिरत नसे. १९८५ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि लाखो रुग्णांना जागेपणी मोकळा श्वास घेता येऊ लागला.

६. मग १९९० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एका ३९ वर्षांच्या स्त्रीची हकिगत प्रसिद्ध झाली. टर्फेनाडिन चालू असताना तिने बुरशीच्या संसर्गावरील कीटोकोनाझोलही घेतले होते. तिला भोवळ येऊ लागली. हृदयाच्या आलेखात लय धोकादायक रीतीने बिघडलेली दिसली. दोन्ही औषधे नेहमीचीच. घात झाला तो त्यांच्या संगतीने.

७. कोडे यकृतापाशी उलगडले. मूळ टर्फेनाडिन हृदयातील पोटॅशियमचे मार्ग अडवते, त्यामुळे ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होण्यास विलंब लागतो. एरवी आतडे आणि यकृत जवळजवळ सगळ्या टर्फेनाडिनचे रूपांतर दुसऱ्या पदार्थात करून टाकतात. कीटोकोनाझोलने तेच एन्झाइम बंद पाडले आणि मूळ औषध रक्तात साचले. एरिथ्रोमायसिनमुळे आणि ग्रेपफ्रूटच्या रसामुळेही ते साचू शकते, हे पुढे दिसून आले.

८. १९९२ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापला गेला. तरीही घातक जोड्या लिहून दिल्या जातच राहिल्या. कागदावरची सूचना प्रत्येक दवाखान्यापर्यंत आणि प्रत्येक घरापर्यंत पोहोचतेच असे नाही.

९. आता या कथेतील विलक्षण वळण. यकृत टर्फेनाडिनपासून जो पदार्थ बनवत होते, तोच प्रत्यक्षात सर्दी थांबवत होता, आणि त्याचा हृदयाला तसा धोका नव्हता! त्याचे नाव फेक्सोफेनाडिन. त्याला १९९६ मध्ये परवानगी मिळाली. सुरक्षित पर्याय हाती येताच, १९९७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टर्फेनाडिन मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच जातीचे अ‍ॅस्टेमिझोलही १९९९ मध्ये बाजारातून गेले.

१०. म्हणजे जे औषध रुग्ण गिळत होते, ते केवळ वाहक होते. खरे औषध त्यांचे स्वतःचे शरीर रोज बनवत होते. ज्यांचे एन्झाइम त्या दिवशी अडले, त्यांच्या पदरी उपायाऐवजी अपाय आला.

११. या धड्याचे फलित आजही टिकून आहे. नवे औषध हृदयाची लय लांबवते का, हे तपासण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००५ मध्ये ठरली. आपल्यापुरता बोध साधा आहे : डॉक्टरांकडे गेल्यावर, ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर पूर्ण द्यावे. न विचारल्यास आपणहून सांगावे. आणि फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर न घेता पाण्याबरोबर घ्यावे. रसामुळे ते शरीरात कमी शोषले जाते.

धागा समाप्त.