खांब आणि साखळ्या

माझ्या आजीच्या सासरी, कऱ्हाडला, दुपारची झाकपाक झाली की बायका क्रोशाच्या सुया घेऊन सोप्यावर बसत. श्रावण लागला की गौरी-गणपतीच्या आरासीचे रुमाल, नवरात्र उठलं की दिवाळीचं तोरण. आजी सांगायची, “स्वयंपाक कितीही करा, रात्री भांडी रिकामी. विणलेलं तेवढं मागं उरायचं.”

नमुने गणिताच्या चौकडीच्या वहीत काढलेले असत. खांब आणि साखळी हे क्रोशाचे टाके. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब: झाला रिकामा चौकोन. साखळ्यांच्या जागी खांब घातले की चौकोन भरला. अशा भरल्या-रिकाम्या चौकोनांतून राघू, मोर, स्वस्तिक, ‘सुस्वागतम्’ उमटे. आजीच्या धाकट्या जावेला वाचता येत नव्हतं. तिने चौकोन मोजत मोजत ‘सुस्वागतम्’ विणलं आणि त्यातलंच एकेक अक्षर ओळखायला ती शिकली. हे सांगताना आजीचा चेहरा फुलायचा. सणाच्या आधी तोरण धुऊन त्याला साबुदाण्याच्या पेजेची खळ द्यायची आणि टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवायचं, म्हणजे मोराचा पिसारा ताठ राहतो.

आजी हे तिच्या आईकडून शिकली आणि तिची आई मिशनच्या शाळेतल्या बाईंकडून. त्या बाईंच्या मागचा इतिहास मला पुढे वाचनात सापडला. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजत गेलं आणि भीषण दुष्काळ पडला. तेव्हा कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी मुलीबायांना क्रोशाची लेस शिकवली आणि त्या लेसच्या विक्रीवर कितीतरी घरं तगली. त्याच शतकात मिशनऱ्यांनी आंध्रातल्या गोदावरीकाठी ही विद्या आणली. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या नरसापूरच्या परिसरात लेसचा मोठा व्यवसाय उभा राहिला. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली तिथल्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्या बायकांची लेस परदेशी जात होती, पण विणणारीला कामगार कुणी म्हणत नव्हतं. घरात बसून फावल्या वेळात विणणारी गृहिणी, असं म्हणून तिच्या हातावर अगदी तुटपुंजी मजुरी ठेवली जाई.

आजीला ना कुणाची मागणी पुरी करायची होती, ना दर ठरवायचा होता. आपल्या दाराला काय शोभेल, एवढाच विचार. म्हणून तिच्या विणण्यात आनंद होता. आता मी आकाशकंदिलासाठी झालर विणते, तेव्हा तोच आनंद मला मिळतो. दिवसभर डोक्यात चाललेला कोलाहल खांब मोजता मोजता शांत होतो, आणि दिवाळी यायच्या कितीतरी आधी माझ्या ओंजळीत येते.

बाजारात मिळणारं खरं क्रोशाचं काम हातानेच केलेलं असतं, कारण हा टाका कारखान्यातल्या यंत्राला साधलेला नाही. तेव्हा यंदा सणाला तोरण विकत घेणार असाल, तर विणणारीशी घासाघीस करू नका. आणि घरात विणणारी आजी, मावशी, आत्या असेल, तर सुई-दोरा घेऊन तिच्याजवळ बसा. तिचे नमुने कुठल्या पुस्तकात मिळणार नाहीत. ती आहे तोवरच ते शिकून घ्या.