ओट्याची बखर

इतिहासकारांनी तख्तं मोजली, तोफा मोजल्या. स्वयंपाकघरातल्या ओट्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वास्तविक बायकांना जमिनीवरच्या चुलीपुढून उठवून उभं करण्याची क्रांती त्यानंच केली. (पुन्हा बसायची परवानगी मात्र अजून निघालेली नाही.)

पहिली राजवट कडप्प्याची. आंध्रातल्या जिल्ह्यानं दगड दिला, वर स्वतःचं नावही दिलं. २००५ साली सरकारनं त्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग बदललं. आमच्या ओट्यापर्यंत ते परिपत्रक पोचलेलं नाही. कडप्पा जातीचा चुनखडक, आणि चुन्याचं नि आंबटाचं पिढीजात वैर. लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी डाग हजर! खतावणीतल्या खाडाखोडीसारखा, घासावा तितका उठून दिसतो.

मग ग्रॅनाइट आला. पृथ्वीच्या पोटातल्या तप्त रसाचा थिजलेला दगड. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर १०१० सालापासून त्याच्याच जिवावर उभं आहे. तो लिंबाला भीक घालत नाही. पण तेल सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतं आणि पाहुण्यासारखं मुक्काम ठोकतं. म्हणून सांडलं की लगेच पुसावं. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, शेवटी कोरडा हात, बस्स.

दगड हजार वर्षं टिकतो हो. फडकं कुणाच्या हातात, हा प्रश्न आहे. आणि तिथं घरोघरी अजून जुनीच राजवट चालू आहे.