जोखमीचे बाळंतपण आणि सोबतीचा इतिहास : दल्ली राजहरा ते मितानिन

भिलाईच्या झोतभट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली राजहराच्या खाणींतून येते. अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर. आमच्या महाविद्यालयातली मुले औद्योगिक भेटीसाठी कारखान्यात जातात, क्वचित खाणीवरही जातात आणि परत आल्यावर खनिजातले लोहाचे प्रमाण, वाहतूक, यंत्रसामग्री यांवर अहवाल लिहितात. त्या अहवालांत कुसुमबाईचे नाव मी कधी वाचलेले नाही. या टिपणाची सुरुवात तिच्यापासून करू.

मार्च १९७७ मध्ये दल्ली राजहराच्या कंत्राटी खाणकामगारांनी 'छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ' ही संघटना स्थापन केली. शंकर गुहा नियोगी हे तिचे नेते. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केला. त्यात बळी गेलेल्यांमध्ये अनुसुयाबाई ही कामगार स्त्रीही होती. खाणीतले हातकाम, म्हणजे दगड फोडणे, उचलणे, ट्रक भरणे, बायकाही करत असत, त्यामुळे संघटनेतही त्या मोठ्या संख्येने होत्या. कुसुमबाई या संघटनेची उपाध्यक्ष. गोळीबारानंतर काही काळाने बाळंतपणात तिचा मृत्यू झाला. तिच्याकडे वेळेवर लक्ष दिले गेले असते तर ती वाचली असती, असे कामगारांचे म्हणणे होते. ते हजारोंच्या संख्येने रुग्णालयासमोर जमले. मात्र त्यांनी तोडफोड केली नाही. आपले प्रसूतिगृह आपणच बांधायचे, असे त्यांनी ठरवले.

२६ जानेवारी १९८२ ला संघटनेच्या कार्यालयात दवाखाना सुरू झाला. ३ जून १९८३ ला, म्हणजे गोळीबाराच्या स्मृतिदिनी, 'शहीद अस्पताल' उघडले. सुरुवातीला खाटा १५. इमारत उभी राहिली ती कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून. बिनायक सेन, आशिष कुंडू, पवित्र गुहा, शैबाल जाना हे डॉक्टर तिथे काम करू लागले आणि खाणीत काम करणारेच काही जण प्रशिक्षण घेऊन आरोग्य कार्यकर्ते झाले. भारतातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात हे रुग्णालय ठळकपणे येते. त्याच्या मुळाशी एक बाळंतपण होते, हे मात्र बहुतेक वेळा एका ओळीत उरकले जाते. माझ्या मते ती ओळ मुख्य आहे.

जोखमीच्या गरोदरपणाचा इतिहास लिहिताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. कोणते गरोदरपण जोखमीचे आहे हे ओळखायचे कसे, हा पहिला. ओळखल्यानंतर त्या बाईच्या सोबत कोण उभे राहणार, हा दुसरा. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत पहिल्याचा इतिहास सापडतो. दुसऱ्याचा शोधावा लागतो.

यादीचा इतिहास

गरोदर स्त्रीला काही त्रास नसतानाही नियमित तपासावे, ही कल्पना फार जुनी नाही. एडिंबरोच्या जॉन बॅलंटाइन यांनी १९०१ मध्ये प्रसूतिपूर्व काळजीसाठी वेगळ्या रुग्णालयाची मागणी केली. १९२९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने तपासणी कोणत्या आठवड्यात करायची याचे वेळापत्रक दिले आणि तोच साचा जगभर पसरला. त्याआधी एक यंत्र यावे लागले होते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये तयार केले. गरोदरपणात चढणारा रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके, ही बाळंतपणातल्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी एक. रक्तदाब मोजता येऊ लागला, तेव्हाच झटके येण्याआधी सावध होणे शक्य झाले.

आपल्याकडे याच काळात प्रश्न होता तो बाईला तपासणार कोण, हा. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. १८८७ मध्ये त्या गेल्या, बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून १८८५ मध्ये डफरिन फंड सुरू झाला, पण त्याची रुग्णालये शहरांत होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातला अंदाज पाहा : दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० मातामृत्यू.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात, विशेषतः १९७० च्या दशकात, जागतिक आरोग्य संघटनेने 'जोखीम पद्धत' पुढे आणली. डॉक्टर थोडे, बायका पुष्कळ. म्हणून आधी यादी करायची : उंची कमी, वय अठराच्या आत किंवा पस्तिशीच्या पुढे, चार-पाच बाळंतपणे झालेली, आधीचे मूल पोटात गेलेले, अंगात रक्त कमी. ज्यांच्या नावापुढे खूण येईल त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवायचे, बाकीच्यांचे गावात. कागदावर हे फारच पटण्यासारखे दिसते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इथे वर्गात थांबवून मी एक गोष्ट विचारते. एखादी तपासणी चांगली आहे हे तुम्ही कशावरून ठरवाल? तिने पकडलेल्या दोषांवरून? मग न पकडलेल्यांचे काय, आणि दोष नसताना वाजलेल्या घंटांचे काय? झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोमधल्या, कासोंगो इथल्या अभ्यासाने १९८४ मध्ये हेच तपासले. ज्या स्त्रियांचे बाळंतपण अडले त्यांच्यापैकी ७१% यादीत आल्याच नव्हत्या. आणि यादीने ज्यांना अडण्याचा धोका सांगितला होता, त्यांच्यापैकी ९०% स्त्रिया नीट बाळंत झाल्या. यादी अगदीच निरुपयोगी ठरली असे नाही. जिच्या नावापुढे खूण होती तिचा धोका खरोखर जास्त होता. पण खूण नसलेल्या बायकांची संख्याच इतकी मोठी असते की एकूण संकटांपैकी बरीचशी त्यांच्यातच येतात. 'तुला काही धोका नाही' हे वाक्य सर्वांत धोक्याचे ठरते ते असे.

१९८७ मध्ये नैरोबीच्या परिषदेत सुरक्षित मातृत्वाचा जागतिक उपक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या विचाराने दिशा बदलली : प्रत्येक बाळंतपण जोखमीचे ठरू शकते असे धरून चालायचे, आणि अडचण आल्यावर रक्त, शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञ वेळेत मिळतील अशी सोय करायची. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मातामृत्यूमागच्या तीन उशिरांची मांडणी केली. रुग्णालयात जायचे हे ठरवायला उशीर, तिथे पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. कुसुमबाईच्या बाबतीत कामगारांची तक्रार तिसऱ्या उशिराची होती. त्या मांडणीच्या कितीतरी आधी त्यांनी तो ओळखला होता.

आमच्या शेजारच्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने (स्थापना १९८६) नव्वदच्या दशकात गावोगाव आरोग्यदूत नेमून घरी होणाऱ्या बाळंतपणांची नोंद ठेवली. ७७२ स्त्रियांच्या या पाहणीत निम्म्याहून अधिक जणींना बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दिवसांत काही ना काही आजार झाला होता, आणि सुमारे १५% जणींना तातडीच्या प्रसूती उपचारांची गरज पडू शकत होती. बाळंतपणानंतरचा त्रास हा बाळंतपणातल्या त्रासाहून जास्त जणींना झाला. बाळ झाले, सुटलो, असे आपण म्हणतो तेव्हा नेमका हा भाग नजरेतून निसटतो. याच संस्थेने गावातल्याच शिकवलेल्या बायकांकरवी नवजात बाळांची घरी काळजी घेऊन त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध आला.

सोबतीचा इतिहास

आता दुसरा प्रश्न. मराठी घरांत त्याचे ठरलेले उत्तर होते : पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचे, मग आई घेऊन जाणार, सव्वा महिन्यानंतर परत पाठवणार. ही नुसती हौस नव्हती, आधाराची व्यवस्था होती. पण कारखान्यांच्या गावांनी ती मोडली. भिलाईत आंध्रातले, केरळातले, ओडिशातले, बंगालमधले, विदर्भातले लोक आले, आणि प्रत्येकीचे माहेर एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाइतके लांब गेले. त्यात गरोदरपण जोखमीचे असेल तर डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती प्रवास करू नका.

माझेच सांगते. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात माझा रक्तदाब १५०/१०० निघाला. तपासणाऱ्यांनी फाइलवर लाल शाईने 'हाय रिस्क' लिहिले, गोळ्या दिल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली. कशाची जोखीम, काय दिसले तर धावत यायचे, हे कोणी सांगितले नाही. आई यवतमाळ जिल्ह्यात, गुडघ्यांनी अधू. पती पाळीच्या नोकरीत. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक तेलुगू बाई राहत, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्या निवृत्त नर्स होत्या. त्या रोज संध्याकाळी आपले रक्तदाबाचे यंत्र घेऊन यायच्या आणि आकडा एका जुन्या डायरीत तारखेसह लिहायच्या. 'डोके दुखले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीखाली दुखले, तर मला उठवायचे, रात्री दोन वाजले तरी,' हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले. मी त्यांना उठवले ते पावणेतीनला. मुलगी आज नववीत आहे. फाइल कुठे गेली माहीत नाही, डायरी आहे.

ही वैयक्तिक गोष्ट टिपणात घेण्याचे कारण असे की छत्तीसगडने २००२ मध्ये जे सुरू केले ते नेमके याच धर्तीचे होते. राज्य दोन वर्षांचे होते, डॉक्टरांची वानवा होती. सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून प्रत्येक पाड्यासाठी (इथे 'पारा' म्हणतात) एक स्त्री निवडायची योजना आखली. निवड पाऱ्यातल्या लोकांनी करायची. तिचे नाव ठेवले मितानिन. छत्तीसगडमध्ये दोन मुली विधिपूर्वक मैत्रिणी होतात. कधी भोजलीची, म्हणजे टोपलीत उगवलेल्या गव्हाच्या रोपांची, देवाणघेवाण करतात आणि मग आयुष्यभर एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत. जातीपलीकडचे हे नाते रक्ताच्या नात्याइतके मानले जाते. सरकारी योजनेला असे नाव देणे ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. 'स्वयंसेविका' म्हटले असते तर ती सरकारची माणूस झाली असती. २००५ मध्ये देशभर 'आशा' योजना आली, तिच्यापुढे मितानिनचा अनुभव होता.

मितानिनकडे ना शस्त्रक्रियागृह ना रक्त. तिचे काम पहिल्या दोन उशिरांवर : सासूला समजावणे, नवऱ्याला उठवणे, गाडी बोलावणे, रुग्णालयाच्या दारात बाईबरोबर उभे राहणे. गाडीची सोयही हळूहळू झाली. २०१३ मध्ये १०२ क्रमांकाची 'महतारी एक्सप्रेस' आली. महतारी म्हणजे आई. दरम्यान २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातल्या प्रसूतीसाठी पैसे दिले आणि २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातले उपचार, औषधे, रक्त, जाणे-येणे मोफत केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार छत्तीसगडमध्ये संस्थेत होणारी बाळंतपणे २००५-०६ मध्ये १४.३% होती, २०१५-१६ मध्ये ७०.२% आणि २०१९-२१ मध्ये ८५.७%. इतक्या थोड्या वर्षांत इतका बदल क्वचितच दिसतो.

तरीही दुसरा आकडा बाजूला ठेवून चालणार नाही. २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि छत्तीसगडमध्ये १३७. बाई रुग्णालयाच्या दारापर्यंत आली, पण आत तिसरा उशीर शिल्लक आहे. सिकलसेल असलेल्या स्त्रीचे उदाहरण घ्या. हा आजार छत्तीसगड आणि विदर्भात बराच आढळतो. गरोदरपणात तिच्या वेदनांचे झटके वाढतात, रक्त झपाट्याने कमी होते आणि नेमके जुळणारे रक्त लागते. तालुक्याच्या ठिकाणी रात्री ते नसेल, तर सोबत आलेली मितानिन काय करणार? तिला पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते.

यादी मात्र परत आली आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते आणि जोखमीच्या गरोदर स्त्रीच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. कासोंगोचे आकडे माहीत असलेल्या कोणालाही पहिला प्रश्न पडेल तो हिरवे स्टिकर लावलेल्यांचा. जानेवारी २०२२ मध्ये अभियानाचा विस्तार झाला तेव्हा एक भर पडली : लाल स्टिकर असलेल्या प्रत्येकीचा नावानिशी पाठपुरावा करायचा, तोही बाळंतपणानंतर ४५ व्या दिवसापर्यंत, आणि जादा तपासण्यांना आशाने तिला सोबत घेऊन जायचे, त्याचा मोबदला तिला द्यायचा. म्हणजे स्टिकरला एक माणूस जोडला गेला.

शहीद अस्पताल आजही दल्ली राजहरामध्ये सुरू आहे. भिलाईहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत पाहून परत येता येते. पुढच्या औद्योगिक भेटीत खाणीच्या रस्त्याने जाताना गाडी तिथे थांबवायला सांगा.