अजिंठ्याच्या भिंती आणि परदेशी हात

घरचें काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावें कीं घरच्यांनींच करावें, हा प्रश्न जितका जुना तितकाच नवा आहे. अमेरिकेंतील पेढीचे हिशेब आज पुण्याजवळच्या हिंजवडींत रात्रीं बसून लिहिले जातात आणि इंग्लंडमधील गिऱ्हाईकाच्या तक्रारीचें उत्तर मुंबईंतील एखादी पदवीधर मुलगी दूरध्वनीवरून देते. या व्यवहारास आऊटसोर्सिंग असें नांव पडलें आहे, व तो अगदीं अलीकडचा आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु आपलें एक अत्यंत नाजूक काम सातासमुद्रांपलीकडील कारागिरांच्या हातीं सोंपविण्याचा प्रसंग शंभर वर्षांपूर्वीं निजामाच्या राज्यावर आला होता. तें काम म्हणजे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचें रक्षण. तें कोणीं केलें, कसें केलें आणि पुढें त्याचें काय झालें, हें ठाऊक असणें आजच्या गृहस्थालाही उपयोगी पडेल.

अजिंठ्याचीं लेणीं छत्रपती संभाजीनगरापासून सुमारें १०० किलोमीटरांवर, वाघोरा नदीच्या वळणावरील नालाकृति कड्यांत कोरलेलीं आहेत. तीं एकंदर सुमारें ३० आहेत. त्यांपैकीं कांहीं ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील असून बहुतेक पांचव्या शतकांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळीं झालीं. १६ व्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचा प्रधान वराहदेव याचें नांव आजही वाचावयास मिळतें. खडबडीत कातळावर माती, भाताचें तूस व वनस्पतींचे तंतू मिसळून केलेला गिलावा, त्यावर पांढरा पातळ लेप, आणि तो वाळल्यावर चिकटद्रव्यांत कालविलेले रंग, अशी या चित्रांची रचना आहे. तांबडा, पिवळा व हिरवा हे रंग माती-दगडांचे, आणि काळा काजळीचा. निळा रंग मात्र राजावर्त दगडाचा. तो दगड आजच्या अफगाणिस्तानांतील बदख्शानच्या खाणींतून येई. म्हणजे परदेशाशीं व्यवहार त्या काळींही होता. तथापि रंगाचा खडा दूरदेशाहून आणला, तरी तो कोठें व किती लावावा याचा निर्णय येथेंच, भिंतीसमोर उभें राहून होत असे. ही गोष्ट पुढील हकीकत ऐकतांना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

इ. स. १८१९ च्या एप्रिल महिन्यांत मद्रासच्या फौजेंतील जॉन स्मिथ नांवाचा एक अधिकारी वाघाच्या शिकारीस निघाला असतां हीं लेणीं त्याच्या दृष्टीस पडलीं. १० व्या लेण्यांतील खांबावर, म्हणजे चित्रांवरच, त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेविली आहे. पुढें जेम्स फर्ग्युसन याच्या लेखानें विलायतेंतील विद्वानांचें लक्ष इकडे वेधलें, आणि चित्रांच्या नकला करण्यासाठीं कंपनी सरकारनें १८४४ सालीं रॉबर्ट गिल या सैनिक चित्रकाराची नेमणूक केली. गिलनें जवळजवळ सारें आयुष्य या कामांत घालविलें. त्याचीं चित्रें लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडण्यांत आलीं, आणि १८६६ च्या अखेरीस तेथें आग लागून बहुतेक सर्व जळून खाक झालीं.

त्यानंतर तेंच काम दुसऱ्यानें करावें लागलें. या वेळीं मात्र व्यवस्था निराळी होती. मुंबईच्या सर जमशेदजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अनेक हिवाळे येथें काढले. पुढें नांवारूपास आलेले पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकींच एक. मुंबईच्या तरुण चित्रकारांनीं सुमारें ३०० कॅनव्हास रंगविले. काम येथल्या हातांनीं, पण तयार माल विलायतेस, असा हा व्यवहार झाला. आजच्या कचेऱ्यांतील व्यवहाराशीं त्याचें साम्य कोणाच्याही लक्षांत येईल. विद्यार्थ्यांच्या हातांना वळण लागलें हा फायदा खराच. परंतु लंडनच्या साउथ केन्सिंग्टन वस्तुसंग्रहालयांत ठेविलेल्या त्या चित्रांपैकीं कित्येक १८८५ च्या आगींत नष्ट झालीं. दैवदुर्विलास असा कीं, १९१७-१८ सालीं आराई कांपो या जपानी चित्रकारानें मोठ्या मेहनतीनें उतरून नेलेल्या नकलाही १९२३ च्या तोकिओच्या भूकंपानंतरच्या अग्निप्रलयांत गेल्या. तीन वेळां नकला परदेशीं गेल्या आणि तिन्ही वेळां अग्नीच्या मुखीं पडल्या. उरल्या त्या येथल्या मातीच्या भिंती.

पण भिंतींनाही धोका होताच. वटवाघुळें, ओल, धूर व पाहुण्यांचे उपद्रव यांनीं गिलावा जागोजागीं सुटत चालला होता. शिवाय नकला करणाऱ्यांनीं रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवरच व्हार्निश फिरविलें होतें. तें घटकाभर रंग उजळी, आणि पुढें त्यावर धूळ व काजळी धरून बसे.

हैदराबाद संस्थानांत १९१४ सालीं पुराणवस्तु-संशोधन खातें स्थापन झालें व त्याचे प्रमुख म्हणून गुलाम याझदानी काम पाहूं लागले. लेणीं निजामाच्या मुलखांत असल्यानें त्यांची जबाबदारी या खात्यावर आली. सुटलेला गिलावा पुन्हां कातळाशीं बसविण्याचें शास्त्र त्या वेळीं या देशांत कोणापाशींही नव्हतें. वाट पाहावी, तर प्रत्येक पावसाळ्यांत एखादें चित्र खालीं येणार. तेव्हां जेथें भिंतींवरील चित्रें जतन करण्याची परंपरा आहे त्या इटली देशांतून कारागीर आणविण्याचें ठरलें, आणि लोरेन्झो चेकोनी व त्यांचे साहाय्यक काउंट ओर्सिनी यांना पाचारण करण्यांत आलें. १९२० ते १९२२ या दरम्यान, दोन हिवाळ्यांत, त्यांनीं येथें काम केलें.

त्यांच्या कामाचा न्याय करतांना हात आखडून चालणार नाहीं. सुटलेल्या गिलाव्याच्या मागें चिकटद्रव्य भरून त्यांनीं तो कातळाशीं जखडला, तुटक्या कडा बांधून घेतल्या, धुळीचे थर काढले. आज जीं चित्रें भिंतीवर शाबूत दिसतात, त्यांपैकीं कित्येकांचें श्रेय या दोन हिवाळ्यांकडे जातें. काम आटोपतांना मात्र रंगांना बळकटी यावी व ते उजळ दिसावे म्हणून त्यांनीं चित्रांवर चपड्याचा, म्हणजे लाखेचा लेप दिला. ज्या घरांत जुनें लांकडी कपाट आहे त्या घरांतील माणसांना चपड्याचा स्वभाव सांगावयास नको. नवें असतांना तें आरशासारखें चमकतें. वर्षें लोटतात तसतसें पिवळें पडतें, मग काळवंडतें, आणि जितकें जुनें होईल तितकें निघण्यास अवघड जातें. अजिंठ्याच्या भिंतींवरही तसेंच झालें. निळ्यावर पिवळी झांक आली, पांढरें मळकट दिसूं लागलें. त्यांतही गमतीची गोष्ट अशी कीं, लाख हें हिंदुस्थानच्याच अरण्यांतील उत्पन्न. औषध येथलें, वैद्य तेथला, आणि रोगी भिंतीवर मुका.

दोष कोणाचा, असा प्रश्न येथें सहजच उठतो. इटालियन कारागिरांना दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. लाखेचा लेप त्या काळीं निंद्य समजला जात नव्हता. इटलींतील प्रसिद्ध भित्तिचित्रें ओल्या चुन्यावर काढलेलीं असतात. तेथें रंग चुन्याशीं एकजीव होतो. अजिंठ्याचीं चित्रें कोरड्या भिंतीवर, मातीच्या गिलाव्यावर. हवा निराळी, पावसाळा निराळा, किडे व बुरशीही निराळी. अशा भिंतीवर एखादा लेप तीस-चाळीस वर्षांनीं कसा वागेल, हें सांगण्यास तीस-चाळीस वर्षें तेथेंच राहणारा मनुष्य लागतो. परदेशाहून आलेला कारागीर दोन हिवाळे राहून परत जातो. त्याचें काम संपतें तेव्हां भिंत सुंदर दिसत असते. उणीव उघडी पडते ती पुढें, आणि ती निस्तरणें घरच्या माणसांच्या वांट्यास येतें.

१९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें व पुढें हीं लेणीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आलीं. खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांनीं कित्येक दशकें, बोटभर जागा घेऊन, हा काळवंडलेला चपडा व त्याखालची काजळी अत्यंत सावधपणें काढण्याचें काम केलें. दोन हिवाळ्यांत लावलेलें काढावयास पिढ्या लागल्या. तें निघालें तेथें मात्र खालचा निळा व हिरवा रंग पुन्हां हंसूं लागला. हें शास्त्र आतां येथल्याच माणसांनीं, याच भिंतींसमोर बसून, आत्मसात केलें आहे.

म्हणून परदेशी साहाय्य घेऊंच नये काय? असा निष्कर्ष अजिंठ्याच्या इतिहासांतून निघत नाहीं. उलट दोन चांगलीं उदाहरणें तेथेंच आहेत. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या विलायती चित्रकर्त्री नकला करण्यास आल्या, तेव्हां बंगालचे नंदलाल बसू व असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद हे त्यांच्याबरोबर काम करीत होते. नंदलाल बसूंच्या पुढील चित्रकलेवर अजिंठ्याचा ठसा उमटला. सय्यद अहमद तर पुढें या लेण्यांचे पालक म्हणून निजाम सरकारच्या सेवेंत राहिले; ज्या भिंती त्यांनीं कुंचल्यानें उतरल्या, त्यांचीच राखण त्यांच्याकडे आली. दुसरें उदाहरण याझदानींच्या ग्रंथाचें. अजिंठ्यावरील त्यांच्या ग्रंथाचे चार भाग १९३० पासून १९५५ पर्यंत ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यातर्फे प्रसिद्ध झाले. छपाई बाहेर दिली. परंतु कोणतें चित्र कोणत्या जातककथेचें, त्याचा अर्थ काय, हें सांगणारा मनुष्य घरचा होता. पहिल्या प्रसंगीं शिकणारा घरचा होता, दुसऱ्या प्रसंगीं ठरविणारा घरचा होता. लाखेच्या लेपाच्या वेळीं मात्र पुढें काय होईल हें पाहणारा घरचा डोळा तयार झाला नव्हता. सगळा फरक एवढाच.

दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिण्यास आपल्याकडे कमीपणा मानितात. तहान अनावर असेल आणि जवळ भांडें नसेल, तर तसें पिण्यांत पाप नाहीं. निजामाच्या राज्यावर १९२० सालीं तशीच वेळ आली होती. पण त्याच वेळीं घरांत एखादें भांडें घडवावयास घेतलें पाहिजे. जो आपलें काम परक्यास देतो त्यानें निदान इतकें पाहावें कीं, काम चालूं असतां आपला एक मनुष्य त्याच्या शेजारीं उभा आहे, काय लावलें व कां लावलें याची नोंद घरीं राहते आहे, आणि लावलेलें उद्यां काढतां येईल. हिशेबाची वही असो, दूरध्वनीवरील उत्तर असो कीं दीड हजार वर्षांचें चित्र असो, हे तीन नियम कोठेंही खोटे पडणार नाहींत.

पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि बोधिसत्त्वाच्या हातीं निळें कमळ आहे. आज मंद प्रकाशांत त्याच्यासमोर उभा राहणारा यात्रेकरू क्षणभर थबकतो व पुढें जातो. भिंतीपाशीं मागें राहतो तो राखणदार.