सरकारी नोकरीची जाहिरात आली? आधी पद कायम आहे की मानधनावर, ते पाहा

अहिल्यानगर : व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक तरी भरतीची जाहिरात फिरते. खाली लिहिलेलं असतं, "सरकारी नोकरीची सुवर्णसंधी". घरातली माणसं पोराला म्हणतात, भरून टाक. पण गेल्या काही वर्षांत सरकारी नोकरी ही एकच गोष्ट राहिलेली नाही. एकाच गावात तलाठी कायम पगारावर, नवा ग्रामसेवक ठरावीक मानधनावर, पोलीस पाटील वेगळ्या मानधनावर, ग्रामपंचायतीतला संगणकवाला कंपनीमार्फत आणि शेजारच्या टेबलावरचा पोरगा सहा महिन्यांचा प्रशिक्षणार्थी, असं चित्र आहे. पाचही जण सरकारी काम करतात. पगार, पेन्शन आणि भविष्य मात्र प्रत्येकाचं वेगळं. म्हणून ही माहिती एका जागी देत आहे. लेख जपून ठेवा, जाहिरात आली की काढून पाहा.

जागा किती निघतात, वेळ किती जातो

राज्यात सात लाखांहून जास्त मंजूर पदं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश रिकामी असल्याचे आकडे वेळोवेळी समोर आले. २०२२ मध्ये सरकारने ७५ हजार पदांच्या भरतीची घोषणा केली. त्यातून २०२३ मध्ये दोन मोठ्या भरत्या आल्या. जिल्हा परिषदांची १९ हजार ४६० पदं निघाली, त्यात आपल्या जिल्हा परिषदेची ९३७ होती. तलाठ्यांची राज्यात साडेचार हजारांवर पदं निघाली, आपल्या जिल्ह्याला २५०. तलाठ्यासाठी राज्यभरातून दहा लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर पोरं.

त्याआधीचा अनुभव तर कडू आहे. मार्च २०१९ मध्ये निघालेली झेडपीची जाहिरात परीक्षा न होताच २०२२ मध्ये रद्द झाली आणि फी परत करण्याची वेळ आली. फी परत मिळते, पोरांचं वय परत मिळत नाही. वयाची अट खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षं आहे. २०२३ च्या भरतीतही अर्ज ऑगस्टमध्ये भरले गेले आणि ग्रामसेवकाची परीक्षा झाली जून २०२४ मध्ये. तेव्हा अर्ज भरला की दोन वर्षं धरूनच चाला. तेवढ्या काळात शेती किंवा हातातलं काम सोडू नका.

मी १९९८ साली बारावी झालो. तेव्हा सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून कॉलची वाट पाहायची, अशी पद्धत होती. माझा कॉल कधी आला नाही. आता सगळं ऑनलाइन आहे, पण वाट पाहणं तेच आहे.

कायम पद : हातात किती पडतात

सातवा वेतन आयोग राज्यात १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तलाठ्याची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० आहे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नव्या माणसाचा हिशोब असा :

- मूळ वेतन २५,५००
- महागाई भत्ता ५५ टक्के (जानेवारी २०२५ चा दर) : १४,०२५
- घरभाडे खेड्यात १० टक्के : २,५५०
- एकूण ४२,०७५

यातून पेन्शनसाठी मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे सुमारे ३,९५० रुपये, आणि व्यवसाय कर २०० रुपये कापले जातात. बाकी किरकोळ कपाती सोडल्या तर हातात ३८ हजारांच्या आत पडतात. पेन्शन खात्यात सरकार आपल्या बाजूने १४ टक्के भरतं.

पेन्शनचं नीट समजून घ्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यासाठीच मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्राच्या धर्तीवर एकीकृत पेन्शन योजनेला मंजुरी दिली. केंद्राचा आठवा वेतन आयोग जाहीर झालाय, पण राज्य कर्मचाऱ्यांना तो आपोआप लागू होत नाही. राज्य सरकार वेगळा निर्णय घेतं. सातवा केंद्रात २०१६ मध्येच मिळाला, आपल्याकडे प्रत्यक्ष पगारात जानेवारी २०१९ पासून आला.

कायम, पण पहिली तीन वर्षं मानधन

ग्रामसेवक आणि शिक्षण सेवक इथे मोडतात. पहिली तीन वर्षं ठरावीक रक्कम मिळते, त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. पूर्वी ही रक्कम फार तुटपुंजी होती, ग्रामसेवकाला आणि प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला ६ हजारच मिळायचे. जानेवारी २०२३ पासून शिक्षण सेवकाला प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झाले. ग्रामसेवकाचं मानधनही पुढे १६ हजारांवर गेलं. या तीन वर्षांत घरापासून लांब नेमणूक मिळाली तर खोलीभाडं आणि पेट्रोल जाऊन काय उरेल, याचा हिशोब आधी घरात बसून करा.

गावातली मानधनाची पदं

ही पदं गावातल्याच माणसाला मिळतात, पण वेतनश्रेणी आणि सरकारी पेन्शन नाही.

- पोलीस पाटील : दहावी पास, वय २५ ते ४५, गावचा रहिवासी. नेमणूक प्रांताधिकारी करतात. मानधन ६,५०० होतं, मार्च २०२४ च्या निर्णयाने १५ हजार झालं.
- कोतवाल, म्हणजे आताचा महसूल सेवक : २०२३ मध्ये मानधन १५ हजार झालं.
- अंगणवाडी सेविका व मदतनीस : बारावी पास, स्थानिक रहिवासी महिला. लेखी परीक्षा नसते, गुणांवर यादी लागते. २०२४ मध्ये सेविकेला ५ हजार आणि मदतनिसाला ३ हजार वाढ जाहीर झाली. त्याआधी डिसेंबर २०२३ पासून त्यांचा मोठा संप झाला होता.
- रोजगार सेवक : सप्टेंबर २०२४ मध्ये महिना ८ हजार मानधनाचा निर्णय झाला.

ही पदं वाईट नाहीत. शेती सांभाळून करता येतात, गावात राहता येतं. पण "अंगणवाडीत लागली म्हणजे सरकारी झाली" असं समजून कर्ज काढू नका.

ठेकेदारामार्फत आणि प्रशिक्षणार्थी

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत माणसं घेण्याचा निर्णय काढला होता. पोरं रस्त्यावर उतरली, विरोधकांनीही आवाज उठवला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. पण म्हणून ठेकेदारी संपली असं नाही. सफाई, सुरक्षा, वाहनचालक, संगणकाचं काम आजही बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराकडून चालतं. अशा कामावर लागलात तर नेमणूकपत्र लेखी मागा. पगार बँकेत घ्या. पीएफचा नंबर घेऊन उमंग अ‍ॅपवर दर महिन्याला रक्कम जमा होते का ते पाहा. सहा महिन्यांनी पाहिलं तर उशीर झालेला असतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन मिळतं. मुदत सहा महिने होती, ती पुढे पाच महिन्यांनी वाढवली. अनुभव मिळतो. कायम होण्याचा हक्क मिळत नाही. हे आधीच माहीत असलं की नंतर मन खट्टू होत नाही.

अकोले आणि प्रकल्पग्रस्त

अकोले तालुक्यातला आदिवासी भाग पेसा क्षेत्रात येतो. तिथली १७ प्रकारची पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली आहेत. पण प्रकरण कोर्टात गेलं आणि निवड झालेली पोरं लटकून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारल्या, त्यानंतर मानधनावर नेमणुका देण्याचा निर्णय झाला.

मुळा, निळवंडे, जायकवाडी अशा प्रकल्पांत जमीन गेलेल्यांसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दाखला जिल्हा पुनर्वसन कार्यालयातून मिळतो आणि एका कुटुंबात त्याचा फायदा एकालाच होतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रकल्पग्रस्तांसाठी ७८७ जागांची विशेष भरती काढली, तेव्हा अनेकांची दाखला शोधायला धावपळ झाली. आजोबांच्या नावचे कागद आत्ताच नीट लावून ठेवा.

पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा

"साहेब आपले आहेत, काम होऊन जाईल" म्हणणारा प्रत्येक तालुक्यात भेटतो. शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात २०२२ मध्ये ७ हजार ८०० हून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे गेले, प्रमाणपत्रही गेलं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाचा पेपर फुटला आणि परीक्षाच रद्द झाली, त्यात अभ्यास केलेली पोरंही भरडली. आमच्या ओळखीतल्या एका घराने एजंटासाठी एकरभर जमीन गहाण टाकली. पोरगा लागला नाही. जमीन सोडवायला पाच वर्षं लागली आणि तो एजंट आजही बाजारात दिसतो.

अर्जाआधी एवढं तपासा

१. जाहिरातीत "वेतनश्रेणी" लिहिलंय की "मानधन"? इथेच निम्मा उलगडा होतो.
२. जाहिरात संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर आहे का? फक्त फोटो फिरत असेल तर थांबा.
३. फी प्रत्येक पदाला वेगळी असते. झेडपीला २०२३ मध्ये खुल्या गटाला १,००० आणि मागास प्रवर्गाला ९०० रुपये होती. तीन पदं भरली की तीन हजार गेले.
४. रहिवासी दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर हे जाहिरातीत दिलेल्या तारखेला चालू पाहिजेत.
५. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २८ मार्च २००६ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्र ठरता.

घरात जाहिरात वाचताना आई-वडिलांनाही शेजारी बसवा. पैसा त्यांचा लागतो आणि पोराच्या वयाची वर्षंही त्यांच्याच डोळ्यांदेखत जातात. पद कोणतं, पगार किती, कायम कधी, हे तिघांनाही सारखंच कळलेलं असू द्या.