आनंदीबाईंचा प्रबंध

कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुनेचें लग्न १८७४ सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. बाळंतिणीच्या खोलींत पुरुष डॉक्टरला मज्जाव, आणि स्त्री डॉक्टर तर औषधालाहि सांपडावयाची नाहीं, असा तो काळ होता.

१८८३ सालीं त्या फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजांत दाखल झाल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तेथें त्यांनीं लिहिलेल्या प्रबंधाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. पदवीपूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वतंत्र प्रबंध सादर करावा, असा अमेरिकेंतील वैद्यक कॉलेजांचा जुना परिपाठ होता. हेतु चांगला, पण पुष्कळ प्रबंध म्हणजे पाठ्यपुस्तकांची उजळणीच असे. आनंदीबाईंनीं विषय घेतला तो ‘आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र’, आणि आधार घेतला प्राचीन ग्रंथांचा.

ह्या ग्रंथांत सांगण्यासारखें पुष्कळ होतें. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भिणीविषयीं स्वतंत्र अध्याय आहे. प्रसूतिसमयीं चार प्रौढ, कुशल आणि नखें कापलेल्या स्त्रिया जवळ असाव्या, असें तेथें सांगितलें आहे. व्हिएन्नांत १८४७ सालीं सेमेलवाइसनें डॉक्टरांना हात धुण्यास सांगितलें, तेव्हां त्याच्या वांट्यास उपेक्षाच आली. म्हणून प्राचीनांना जंतु ठाऊक होते, असें अर्थातच नव्हे.

प्रबंधाची मर्यादा उघड आहे: तो ग्रंथांवर उभा आहे. कल्याणांतील सुइणी प्रत्यक्षांत काय करीत, बाळंतिणी कशानें दगावत, ह्याचा शोध फिलाडेल्फियांत बसून लागणें शक्य नव्हतें. तें काम स्वदेशीं परतल्यावरचें होतें.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम्. डी. ची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांतील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकहि झाली. परंतु क्षयानें शरीर पोखरलें होतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थि अमेरिकेंतील कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या आणि पोकीप्सीच्या स्मशानभूमींत विसावल्या. प्रबंध आज फिलाडेल्फियांतच, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत, जपून ठेवलेला आहे.